काम न काढता मुंबईला जा

कर्जत-खालापूरच्या माणसाला ‘तुम्हाला मुंबई माहीत नाही’ असं म्हटलं, तर तो आधी हसेल आणि मग चिडेल. बरोबरच आहे. आपल्याकडे वाडीवाडीत रेल्वेचा पास खिशात असलेला माणूस सापडतो. पहाटेच्या गाडीत चौथी सीट कोणाची, भजनी मंडळ कुठल्या डब्यात, ठाण्याला कोण उठतं आणि त्याची जागा कोणी धरायची, हे आपल्या पोरांना न शिकवता येतं. तरीही मी म्हणतो, आपल्यातल्या बहुतेकांना मुंबई ठाऊक नाही. ठाऊक आहे तो ऑफिसचा जिना, केईएमची ओपीडी, टाटा हॉस्पिटलसमोरचा फूटपाथ, बस्त्याचं दादर आणि गणपतीतलं लालबाग. दर खेपेला हातात फाईल नाहीतर पिशवी, आणि अर्धं लक्ष परतीच्या गाडीकडे.

माझं मागणं छोटं आहे. वर्षातून एखाददोनदा काहीही काम न काढता मुंबईला जा. ‘आलोच आहोत तर जरा मशीद बंदरला जाऊन येऊ’ असला जोडधंदाही नको. नुसतं बघायला जा.

मुंबईची माणसं आपल्याकडे दर शनिवारी हेच करतात. धबधबे, फार्महाऊस, इमॅजिका, माथेरान. आपल्याला रोज दिसणाऱ्या डोंगराकडे ती तासभर टक लावून बसतात आणि आपण त्यांना हसतो. त्यांच्या शहराकडे आपण मात्र असं फुरसतीनं कधी पाहिलेलं नाही.

‘त्या गर्दीत बघायचंय काय?’ असं कोणी विचारेल. तर गर्दीच बघायची आहे. २०११च्या जनगणनेत रायगड जिल्ह्यात चौरस किलोमीटरमागे ३६८ माणसं मोजली गेली, मुंबई शहर जिल्ह्यात १९ हजारांहून जास्त. एवढी माणसं चिंचोळ्या बेटावर का येऊन राहिली, याचं उत्तर मरीन ड्राइव्हवर मिळत नाही. चौपाटीचा समुद्र भेळ खायला छान. पण शहर वाढलं ते पाठीमागच्या, पूर्वेच्या किनाऱ्यामुळे. मुंबई बेट एका बाजूला आणि आपला रायगड दुसऱ्या बाजूला, मधे वाऱ्यापासून आडोसा असलेलं खोल पाणी. जहाजांना सुखरूप उभं राहता येईल अशी जागा. हे बंदर आहे म्हणून मुंबई आहे. त्या बंदराची अर्धी कड आपल्या जिल्ह्याची आहे, हे आपण विसरतो. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी खोपोलीच्या वीजघरातून पाताळगंगेत पडतं आणि धरमतरच्या खाडीतून त्याच बंदराकडे जातं.

म्हणून निघण्याआधी आपला आणि त्या शहराचा हिशेब थोडा डोक्यात घेऊन निघा. आगगाडी नव्हती तेव्हा देशावरचा माल बोरघाट उतरून खोपोली, खालापूर, चौक असा पनवेलच्या बंदरावर जायचा आणि तिथून मचव्यांनी मुंबईला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, हे शाळेत घोकलेलं असतं. तीनच वर्षांत, १८५६ साली, रूळ खोपोलीपर्यंत आले हे मात्र खोपोलीतल्या पोरांनाही सांगावं लागतं. पुढचा घाट फोडायला १८६३ उजाडलं. त्या कामावर एका वेळी चाळीस हजारांहून जास्त मजूर होते, आणि किती जण दरीत आणि साथीत गेले याच्या पाट्या कुठे लागलेल्या नाहीत. घाट खुला झाला तो ऐन अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ साली युद्ध थांबलं आणि मुंबईचे कितीतरी शेठ रस्त्यावर आले. पण गोद्या, गिरण्या, टोलेजंग इमारती यांची हाव शहराला लागली ती लागलीच.

मग वीज. १९१५ साली खोपोलीचं टाटांचं वीजघर सुरू झालं ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. १९२२ साली भिवपुरीचं झालं. गिरणगावाचे साचे आपल्या डोंगरातल्या पाण्यावर फिरत होते. १९४२ साली माथेरानच्या भाई कोतवालांनी आणि त्यांच्या आझाद दस्त्यानं नेमकं हेच हेरलं. मुंबईला जाणाऱ्या विजेचे मनोरे त्यांनी पाडले, म्हणजे सरकारच्या नरड्यावरच पाय दिला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. हे सगळं ठाऊक असलेला माणूस मुंबईत उपऱ्यासारखा अंग चोरून फिरणार नाही, एवढं मला वाटतं.

आता जायचं कसं. गाडीचं तुम्हाला मी काय सांगावं? दोनच गोष्टी. कामाला जाणाऱ्यांच्या गाडीत हौशी माणसानं शिरू नये. सकाळचा लोंढा ओसरल्यावर निघावं आणि परतताना एक तर चारच्या आत किंवा साडेआठनंतर गाडी धरावी. दुसरं, रविवार म्हणजे मेगाब्लॉक. घरच्यांना सुट्टी म्हणून रविवार धरलात तर आदल्या दिवशी पेपरात ब्लॉकची चौकट वाचून घ्या. जमलं तर शनिवारच बरा.

एका दिवसात एकच तुकडा. हे मी हट्टानं सांगतो. गेटवे, राणीबाग, सिद्धिविनायक, हाजीअली, जुहू अशी माळ लावणारी दर्शनाची बस मला मान्य नाही. त्यात माणूस शहर बघत नाही, बसचा दरवाजा बघतो. दाट वस्तीचं शहर चालत, थांबत, एका गल्लीत दोनदा जाऊनच कळतं. आपल्याकडच्या ठाकूर-कातकरी बायका रानभाज्या आणि पळसाची पानं घेऊन दादरला जाऊन बसतात. त्यांना विचारा. दादरचा तो एक फूटपाथ त्यांना असा माहीत आहे की नगरसेवकालाही नसेल. गिऱ्हाईक किती वाजता येतं, ऊन कुठून सरकतं, कुठला दुकानदार पाणी देतो, गाडी आली की टोपली कोणाकडे ढकलायची. शहर ओळखण्याची रीत त्यांच्याकडून घ्यावी. फक्त त्यांनी गेटवे पाहिला आहे का, हेही विचारा. बहुतेक जणी नाही म्हणतील.

पहिला तुकडा म्हणून मी हार्बर लाइन सुचवतो. चौक-खालापूरकडची मंडळी पनवेलला जाऊन थेट सीएसएमटीची गाडी धरतील. कर्जत-नेरळकरांनी कुर्ल्याला बदलावं. वडाळा गेलं की डाव्या खिडकीतून बाहेर बघा. शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड. प्रत्येक स्टेशनाला बंदराचा एकेक धंदा चिकटलेला आहे आणि एकाही ठिकाणी पर्यटक उतरत नाही. शिवडीला उतरलात तर हिवाळ्यात चिखलावर रोहित पक्ष्यांचे थवे दिसतील, आणि वर अटल सेतू. १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झालेला हा २१.८ किलोमीटरचा पूल शिवडीला सुरू होतो आणि चिर्ल्याला, म्हणजे आपल्या जिल्ह्यात, टेकतो. कॉटन ग्रीनला कापसाची जुनी गोदामं आहेत. बोरघाट उतरलेला कापूस कुठे जात होता, ते तिथे कळतं. रे रोडजवळ दारूखान्यात जुनी जहाजं फोडतात. लोखंडाचा, तेलाचा आणि गंजाचा वास स्टेशनापर्यंत येतो. तिथे आत घुसू नका, ती कामाची आणि धोक्याची जागा आहे.

गोद्यांचे दरवाजेही बंदच असतात, पास असल्याशिवाय आत सोडत नाहीत. पण भिंतीपलीकडे काय घडलं ते माहीत असलं तर भिंतही बघण्यासारखी होते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाच्या जहाजाचा स्फोट झाला. पोटात कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे जवान जागच्या जागी गेले, आसपासच्या वस्त्या जळाल्या. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात तो यामुळे. आपल्या खोपोलीत कारखाने आहेत, रसायनांची गोदामं आहेत. ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये.

दुसरा तुकडा मशीद बंदर. इथे मात्र काम न काढता जाणं अवघड, कारण काहीतरी घ्यावंसं वाटतंच. तरी पहिल्या खेपेला हात आवरा. मिरची गल्ली घ्या, नाहीतर सुक्या मेव्याची, आणि त्या एकाच गल्लीत दोन तास काढा. चालायचा नियम साधा आहे: मधोमध थांबायचं नाही. पाठीमागून हातगाडीवाल्याचं ‘बाजू, बाजू’ आलं की मान न वळवता दुकानाच्या पायरीवर चढायचं. त्या हातगाडीवर कित्येक मणांचं ओझं असतं आणि तिला ब्रेक नसतो. डोक्यावर आणि पाठीवर माल वाहणारी ही माणसं माथाडी. त्यातली कितीतरी साताऱ्याकडची. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र केलं आणि १९६९ साली त्यांच्यासाठी राज्याचा कायदा झाला. दुपारी गर्दी जरा सैल पडली की कोणी टेकलेलं दिसेल. ‘गाव कुठलं?’ एवढं विचारा. मुंबईत या प्रश्नानं जेवढी दारं उघडतात तेवढी ओळखीच्या चिठ्ठीनंही उघडत नाहीत. शिवाय तुमचंही गाव विचारलं जाईल. कर्जत म्हणालात की समोरचा वड्याचं नाव काढेल, त्याला इलाज नाही.

एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगतो. माणसांकडे बघा, पण माणसांचं प्रदर्शन करू नका. ससून डॉक १८७५ सालचा आहे. तिथला पहाटेचा मासळीचा लिलाव पाहण्यासारखा आहे, यात शंका नाही. पण तिथल्या बाईचा दिवसाचा गल्ला त्या घटकाभरात ठरतो. तिच्यासमोर मोबाइल धरून उभं राहिलात तर ती जे बोलेल ते ऐकून घ्यायची तयारी ठेवा. फोटोला तिथे मनाईही होते. विचारून काढावा, नाही म्हटलं तर खिशात घालावा. धारावीत गल्लीतून डोकावत हिंडू नका. कुंभारवाड्यात पणत्या घ्यायला जा, भाव करा, दोन शब्द बोला. मग तुम्ही गिऱ्हाईक असता, प्रेक्षक नसता. आपल्या कातकरी वाडीत शहरातून गाड्या येतात, काचा खाली होतात, पोरांचे फोटो निघतात आणि गाड्या पुढे जातात, तेव्हा कसं वाटतं ते आपल्याला ठाऊक आहे. आगरी घरातल्या मंडळींनी मात्र कोळीवाड्यात आपली बोली बिनधास्त बोलावी. बोलण्यात इतकं सारखेपण निघतं की पाच मिनिटांत कोणाचं तरी उरणचं नातं लागतं.

घारापुरी हा तिसरा तुकडा, आणि त्याला गेटवेहून लाँचमध्ये बसताना आपण परदेशी निघाल्यासारखे सजतो याची मला गंमत वाटते. घारापुरी उरण तालुक्यात आहे. म्हणजे मुंबईतून निघून तासाभरात आपण आपल्याच जिल्ह्यात उतरतो. लेणी सोमवारी बंद असतात. महेशमूर्ती बघायला जायचं ते सकाळच्या पहिल्या लाँचनं, गर्दी चढायच्या आत. मूर्तीसमोर पहिली पाच मिनिटं फोटो काढू नका. डोळे अंधाराला सरावले की तिन्ही चेहरे सावकाश उमटतात. बेटावर तीन गावं आहेत, शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर. पायऱ्यांवर काकडी-कैरी विकणाऱ्या बायका तिथल्याच. गेटवेवरून डोळ्यांना दिसणाऱ्या या बेटावर कायमची वीज पोचली ती २०१८ साली, समुद्रतळातून केबल टाकून. खोपोलीची वीज मुंबईला १९१५ मध्ये, आणि समोरच्या बेटाला त्यानंतर शंभर वर्षांनी. हे शहर कोणाला आधी वाढतं आणि कोणाला मागून, हे बघायचं तर या दोन सालांकडे बघावं.

लाँचमध्ये लाइफ जॅकेट अंगात घाला, मांडीवर ठेवू नका. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि माणसं बुडाली. जॅकेट दिलं नाही तर मागून घ्या. लाजायचं काय त्यात?

घारापुरीच्या किनाऱ्यावर पूर्वी दगडी हत्ती होता. त्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तुटला आणि राहिला इथेच. आज तो भायखळ्याला राणीबागेच्या आवारात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे. पोरं घेऊन राणीबागेत जाणारे लोक पेंग्विन बघून परततात, हत्तीकडे कोणी वळत नाही. संग्रहालय १८७२ सालचं, बुधवारी बंद. आत बोटींच्या प्रतिकृती, मातीच्या बाहुल्या, जुने नकाशे आहेत. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं तर यापेक्षा सोयीची जागा मला माहीत नाही. भायखळ्याला फास्ट गाडी थांबते, चालणं थोडं, बसायला सावली, स्वच्छतागृह जवळ. आपल्या घरातल्या आजीनं मुंबई पाहिली ती बहुधा दवाखान्याच्या बाकावरून. तिला एकदा तपासणीशिवाय न्या.

शाळांच्या मास्तरांना आणि बाईंना वेगळं सांगतो. सहल म्हटली की वॉटर पार्क, हे आता पुरे झालं. सातवी-आठवीची पोरं सीएसएमटीच्या समोर उभी करा. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी उभारलेली ही इमारत १८८८ साली पुरी झाली. तिच्या भिंतींवर दगडातली माकडं, मोर, खारी, पानं किती आहेत ते शोधायला लावा. रोज या स्टेशनातून जाणाऱ्या त्यांच्या बापांनीही ती पाहिलेली नसतात, कारण त्या वेळी ते धावत असतात. तिथून चालत फुले मंडई, म्हणजे जुनं क्रॉफर्ड मार्केट, आणि संपला दिवस. डबे घरचे न्या.

आणि ज्यांचे पाय धड आहेत त्यांच्यासाठी एक फेरी सांगून ठेवतो, माझी सगळ्यात आवडती. डॉकयार्ड रोडला उतरून भाऊच्या धक्क्यावर जा. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, म्हणजे भाऊ, यांनी बांधला म्हणून भाऊचा धक्का. तिथून उरणजवळच्या मोऱ्याला लाँच सुटते. त्या लाँचमध्ये पर्यटक थोडे. बाजारहाट करून परतणाऱ्या उरणकर बायका, मोटारसायकलचे सुटे भाग घेऊन निघालेला कोणी, डब्यात मासळी. टपावर जागा मिळाली तर तोंड मुंबईकडे करून बसा. गोद्यांच्या क्रेन, नांगरलेली जहाजं, मागे इमारतींची रांग. शहर जसं जहाजावरच्या माणसाला दिसायचं तसं पहिल्यांदा दिसतं. पलीकडे मोऱ्याला उतरून रिक्षानं उरण स्टेशन. जानेवारी २०२४ पासून तिथून लोकल आहे, न्हावा-शेव्याच्या बाजूनं ती नेरुळ-बेलापूरला आणते, पुढे पनवेल आणि घर. सगळ्या बंदराला वळसा, आणि आलेल्या रस्त्यानं एकदाही परत जायचं नाही.

भरती-ओहोटीची वेळ मात्र आधी विचारून निघा. मोऱ्याच्या धक्क्याला गाळ फार आहे. मोठ्या ओहोटीला लाँच तासन्‌तास बंद ठेवतात. उरणहून गाड्याही मोजक्या, तेव्हा वेळापत्रक मोबाइलमध्ये घेऊन ठेवा. खोपोलीच्या लोकांनी दुपारी दोनच्या आत भाऊचा धक्का सोडावा, नाहीतर पनवेलला उतरेपर्यंत फार उशीर झालेला असेल.